मूठभर मीठ आणि माझं पोट

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. वर तपकिरी, खाली पांढरी आणि पोटाने चांगली गरगरीत. मित्रांनो, हसू नका. पोट हीच माझी इस्टेट!

सखूबाई लग्न होऊन उलव्याला आली, तेव्हा मी तिच्या मांडीवर बसून आले. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. "मीठ कमी, तर माल नासला," हे तिथलं ब्रह्मवाक्य. माझ्यात कैरीचं लोणचं असं मुरायचं, की शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. पुढे विमानतळासाठी जमीन गेली, आम्ही पनवेलला खांदा कॉलनीत फ्लॅटमध्ये आलो आणि लोणचं दुकानातून यायला लागलं. माझ्यात काय भरलं ठाऊक आहे? कपड्यांचे चिमटे! रडू यायचं हो.

मग नात मनस्वीने मला घासूनपुसून उन्हात ठेवलं. तिने मासे सोडले होते, दूध-दहीही सोडलं होतं. त्यात आजारपणातल्या गोळ्यांनी पोट पार बिघडलं. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेव, जोडीला आंबवलेलं थोडं थोडं खात जा. दही तर चालत नाही. म्हणून तिने माझ्यात पाणी, गाजर, बीट, मोहरीची पूड आणि बेताचं मीठ घालून कांजी लावली, म्हणजे आंबवून प्यायचं आंबट पाणी.

तिचा बाप प्रितम दारातूनच गरजला, "रविवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर गपचूप दही खायचं. प्रयोग बास!"

लवकरच माझ्या पोटात बुडबुडे उठू लागले. मनस्वी कान लावून ऐकायची. "आजी, अ‍ॅक्टिव्ह झाली बघ!"

सखूबाईचा जीव मात्र खालीवर. "फेस आलाय गो. नासतंय वाटतं."

दुपारी घरात कोणी नाही असं बघून तिने माझ्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि मूठभर मीठ आत टाकलं. "पोरीचा माल वाचला पायजे," ती पुटपुटली. अगं बाई, नको! पण मी तोंड असून मुकी. बुडबुडे कमी कमी होत गेले आणि बंद पडले.

रविवारी मनस्वीने कान लावला. काहीच नाही. चमचाभर चाखलं आणि तिचे डोळे भरून आले. "खारट झालीय. मेली बहुतेक."

प्रितमने दह्याचं भांडं टेबलावर आणून ठेवलं. मनस्वीने मला उचललं आणि सिंकवर कलतं केलं. पहिली धार सांडलीसुद्धा.

"थांब!" सखूबाईने मला दोन्ही हातांनी धरलं. "मीच टाकलंय मीठ. नासू नये म्हनून."

"पण का, आजी?"

"तू जेवत नाय, मासली खात नाय. माजा जीव ऱ्हात नाय गो! आमाला मिठाबिगर काय राखता येतं?" म्हातारी रडायलाच लागली.

प्रितमने दही उचलून परत फ्रिजमध्ये ठेवलं. "बघ अजून आठवडाभर," तो म्हणाला.

निम्मं पाणी काढून त्यांनी उकळून गार केलेलं पाणी घातलं, ताजं गाजर घातलं. आता सखूबाईच रोज सकाळी मला कान लावून बसायची. मी काय करणार? मीही वाट बघत होते. आणि एका सकाळी माझ्या तळातून एक बुडबुडा वर आला.

"बोलली गो, बोलली!" सखूबाई किंचाळली.

मनस्वी धावत आली. तिने वाटीभर कांजी काढली, अर्धी आजीला दिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या बरण्यांत चिमटे कोंबू नका, एवढंच मागते. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यात मूठभर मीठ टाकण्याआधी एकदा कान लावून ऐका.