दुसऱ्या नळीतले उपाशी

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचा एसी बंद पडला. नागपूरच्या उन्हात फळमाश्या टिकेनात, म्हणून मी दोन काचनळ्या घरी आणल्या. पहिलीत साध्या माश्या. दुसरीतल्या माश्यांमधून गोड चव ओळखणारा जीन काढलेला. त्यांनी गोडाला तोंड लावलं नाही तर माझी पीएचडी. लावलं तर तीन वर्षं पाण्यात. चाचणीआधी माश्यांना उपाशी ठेवतात, फक्त ओला कापूस देतात. मग रंगीत साखरपाणी दिलं, की खाणारीचं पोट रंगलेलं बाहेरून दिसतं.

हे सासूबाईंना सांगायला नको होतं. इंदूबाई म्हणजे दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पुरी-भाजी वाढणारी बाई. तिच्या हद्दीत कोणी उपाशी राहणं म्हणजे तिचा अपमान.

सकाळी मी आंघोळ करून आले, तर दोन्ही नळ्यांत लाल कापूस!

"आई, हे काय टाकलं तुम्ही?"

"गुलाबाचं सरबत. लेकरं उपाशी, अन् तू खुशाल केस विंचरून राहिली!"

मी डोकंच धरलं. तणतणत नळ्या उचलून उजेडात धरल्या. पहिलीतल्यांची पोटं लालचुटूक, दुसरीतल्यांची कोरी.

"ते दुसरे लय नखरेल हायेत," सासूबाई फणकारल्या. "माह्या सरबताले नाक मुरडतेत!"

मी त्यांना मिठीच मारली आणि माझ्या गाईडना, श्वेता मॅडमना, फोन केला. "घरचं सरबत चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी एसी सुरू होतोय. माझ्यासमोर परत कर."

परत म्हणजे परत उपास. रविवारी सासूबाईंनी ताट सरकवलं. "मंग मीबी नाही जेवत."

"आई जेवत नाही तर मी कसा जेवू?" म्हणत माझा नवरा अंकुश स्वयंपाकघरात गेला आणि चोरून संत्रा बर्फी खाऊन आला.

सोमवारी मॅडमसमोर पहिल्या नळीतली पोटं रंगली, दुसरीतली कोरीच राहिली. मॅडम चक्क हसल्या. मी नाचतच घरी फोन लावला.

"जेवले का वं ते?"

"पहिले जेवले, आई."

"अन् दुसरे?"

"नाही जेवले! एकानंही तोंड नाही लावलं!"



"अन् तू हसून राहिली, प्रीती? मी अजून पाण्यावर आहो."

माझं हसू विरलं. खरंच वाईट वाटलं. फोन कानाशी धरूनच मी दुसऱ्या नळीत माश्यांचं रोजचं, यीस्ट घातलेलं बिनसाखरेचं मक्याचं खाद्य ठेवलं. त्या तुटून पडल्या.

"जेवले, आई."

पलीकडून ताट ओढल्याचा आवाज आला.