श्श, जिताडा पळेल

आमचे हे गिरणी सुटली की शिवडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसायचे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत निम्मे लोक गळ टाकायला ह्यांच्याकडूनच शिकले. कोलंबी ताजी लाव. सावली पाण्यावर पाडू नको. पहिल्या झटक्याला ओढू नको. आणि बायकोला आणलंस तर आधी तिला गप्प बसव!

त्या रविवारी मीही ह्यांच्याबरोबर धक्क्यावर होते. मला एवढंच सांगायचं होतं की उद्या मोर्चाला जाऊ नका, मागच्या वेळी गोळ्या झाडल्यात मेल्या पोलिसांनी. तोंड उघडलं की ह्यांचं बोट ओठांवर. "श्श, बकुळे! जिताडा पळेल."

जिताडा मिळाला, चांगला हातभर लांब. तो बघायला सगळी चाळ खोलीत लोटली आणि माझं सांगायचं राहूनच गेलं. सकाळी हे घोषणा देत गेले. संध्याकाळी लालबागहून त्यांना आणलं ते चादरीत गुंडाळून.

काल त्यांचाच गळ घेऊन मी एकटी धक्क्यावर गेले. कोलंबी लावली आणि बोलत सुटले. रडले, शिव्या घातल्या, मोर्चाचंही सांगितलं. ओहोटी लागेपर्यंत माझं तोंड मिटलं नाही.

मासा एकही लागला नाही. त्यांचं खरंच होतं. पण 'श्श' कुणी म्हणालं नाही.