आडवी वाढलेली मांडणी

मित्रांनो, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, दोन खोल्यांच्या एका घरात मी उभी आहे. माझा करडा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे, तरी माझा एकही पाय डगमगत नाही. एके काळी डगमगत होता. तीच गोष्ट मला सांगायची आहे, कारण माझ्यामुळे एका बाईचा हात मोडला होता.

भोकं पाडलेल्या चार लोखंडी पट्ट्या, पत्र्याचे पाच कप्पे आणि मूठभर नटबोल्ट, एवढंच माझं शरीर. दुकानात मला रॅक म्हणत. छत्तीसगड वेगळं होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शंकर नगरात रोज एखाद्या नव्या कार्यालयाची पाटी लागे, आणि नव्या राज्याला नवे अधिकारी हवे होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या तुळशीरामांनी मला सायकलरिक्षात आडवं घालून घरी आणलं, ते त्यांच्या मुलीसाठी. भावना अधिकारी व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या आईने, कांताबाईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि रॅक हे नाव बाजूला ठेवून मांडणी म्हणायला सुरुवात केली. मला ते आवडलं.

भावनाबरोबर अभ्यासाला आणखी मुली येऊ लागल्या. ब्राह्मणपाऱ्यातली सरोजिनी तर जेवायच्या वेळेपर्यंत उठत नसे. प्रत्येकीची पुस्तकं माझ्याकडे जमत गेली आणि दोन वर्षांत माझे पाचही कप्पे भरले. मला फार अभिमान वाटायचा.

मग तुळशीरामांनी मला वाढवायचं ठरवलं. एका रविवारी त्यांनी तीन फुटांच्या चार पट्ट्या आणल्या आणि माझ्या डोक्यावर जोडल्या. जोड जेमतेम चार बोटांचा, आणि प्रत्येक जोडाला एकच बोल्ट. मागच्या भिंतीला मला कुठेच जखडलं नव्हतं. एक पाय फरशीवर टेकत नव्हता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. रोजची पुस्तकं हाताशी हवीत म्हणून जाडजूड ग्रंथ सगळ्यात वर गेले. मी आढ्याला टेकायचीच काय ती बाकी राहिले होते. तुळशीराम खाली उभे राहून कौतुकाने म्हणाले, "मिस्त्री काहून पाहिजे? घरच्या घरी झालं!"

पंधरा दिवस मी कसाबसा तोल सांभाळला. एका दुपारी भावना स्टुलावर चढली आणि वरचा एक ग्रंथ ओढू लागली. तो दोन पुस्तकांमध्ये अडकला होता. तिने जोर लावला, तशी मी पुढे झुकले. माझ्या पायाशी सरोजिनी मान खाली घालून लिहीत होती. चहा घेऊन आलेल्या कांताबाईंनी ते पाहिलं. हातातला ट्रे टाकून त्यांनी सरोजिनीला दूर ढकललं, आणि मी त्यांच्या उजव्या मनगटावर कोसळले.

संध्याकाळी कांताबाई हाताला प्लास्टर घालून परतल्या. मी अजून तशीच आडवी पडले होते. तुळशीराम माझ्याकडे पाहायलाही तयार नव्हते.

"उद्याच भंगारवाल्याले देऊन टाकतो," ते म्हणाले.

"तिले काहून देता?" कांताबाई म्हणाल्या. "तिले उंच कोणं चढवलं? आपणच ना?"

तुळशीरामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून सरोजिनी आली नाही. तिच्या आईने, अंजनाबाईंनी, तिला घरी बसवलं होतं. बाकीच्या मुलीही दारातूनच विचारपूस करून जात. परीक्षेला सव्वा महिना उरला होता.

"पोट्ट्यायचा अभ्यास बुडू द्यायचा नाही," कांताबाईंनी ठरवलं. त्यांनी वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातले फिटर मारोती यांना बोलावलं. मारोतींनी माझा जोड पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, हिले उंच नका करू. बाजूले वाढवा. तिथं दुसरी उभी करून दोघींले एकमेकींशी बांधा."

"हव. पण मलेही शिकवा. दर वेळी तुमाले कुठं बोलावू?"

मारोतींनी भिंतीवर बोटांनी ठोकलं. आवाज पोकळ आला, गिलावा भुसभुशीत होता. म्हणून मला समोरच्या पक्क्या विटांच्या भिंतीकडे नेलं. जुन्या पट्ट्या काढल्या. माझ्याच जातीची, भोकाला भोक जुळणारी दुसरी मांडणी शेजारी आली. दोघींना तीन ठिकाणी बोल्टने जखडलं. कोपऱ्यांवर तिकोनी पत्रे बसले. पुठ्ठा फेकून प्रत्येक पायाखाली लोखंडी चकती गेली. मारोतींनी ओळंबा सोडून मी सरळ आहे की नाही, ते पाहिलं. शेवटी भिंतीला भोकं पाडून आमच्या दोघींचे माथे तिला स्क्रूने आवळून टाकले. पाना भावनाच्या हातात होता. तुळशीराम पुस्तकांचे गठ्ठे वाहत होते. जड पुस्तकं खाली, हलक्या वह्या वर. कांताबाई डाव्या हाताने एकेक बोल्ट हलवून पाहत होत्या. "हा ढिला आहे, पुन्हा कस."

काम संपताच त्या उठल्या, गळ्यातल्या झोळीत हात घेऊन तशाच ब्राह्मणपाऱ्यात गेल्या आणि अंजनाबाईंना घेऊन आल्या. सरोजिनी मागे होती.

"ओढून पाहा," कांताबाई म्हणाल्या.

अंजनाबाईंनी एका हाताने ओढलं.

"असं नाही बाई. पोरीचा जीव आहे म्हणून ओढा."

अंजनाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी माझी पट्टी धरली आणि सगळं अंग मागे टाकलं. मी जीव एकवटून उभी राहिले. भिंतीने मला धरलं, शेजारणीने मला धरलं. एक वही तेवढी सरकली.

अंजनाबाई दमून बाजूला झाल्या. त्यांची नजर प्लास्टरवर गेली. "माझ्या पोरीपायी झालं हे," त्या हळूच म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या, "बस गं. लिही."

सरोजिनी माझ्या पायाशी बसली आणि तिने वही उघडली.

त्या वर्षी कोणाचाच नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी सरोजिनीचा लागला, आणि तिसऱ्या वेळी भावनाचा. कांताबाईंचं मनगट मात्र अजून पूर्ण वळत नाही. भाकरी थापताना त्या मध्येच थांबतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. अलीकडे माझ्या शेजारी तिसरी मांडणी आली. तिचे बोल्ट कांताबाईंनी स्वतः आवळले, डाव्या हाताने.

मित्रांनो, घरातली मांडणी जरूर वाढवा. आम्हालाही वाढायला आवडतं. पण पाना हातात घेण्याआधी क्षणभर खाली वाका, आणि आमच्या पायाशी कोण बसणार आहे, ते पाहून घ्या.