खाली बघ

जोसिनानं लेकीच्या पाठीवरची नाडी ओढली आणि गुडघा टेकवून पुन्हा एकदा ओढली.

"आई, श्वास घेता येत नाही."

"घ्यायचाच नसतो. वरच्या वर घ्यायचा, नाहीतर शिवण उसवते."

लाल मखमलीचा तो झगा जोसिनासाठी शिवलेला, ती नवी नवरी असताना. तेव्हा गोमारनं, तिच्या नवऱ्यानं, तिचा चेहरा एका जाड कागदावर काढला आणि रेघारेघांवरून सुईनं भोकं पाडली. कागद चित्राच्या फळीवर ठेवायचा, वरून कोळशाच्या पुडीची पोटली थोपटायची, की खाली ठिपके उमटतात. ठिपके जोडले की झाली बाई तयार. हातात वीणा दिली तर वादक, पुस्तक दिलं तर वाचक, पुढ्यात सुगंधी तेलाची बरणी ठेवली तर साक्षात संत मॅग्डलीन. चेहरा तोच, पापण्या खाली झुकलेल्या. अँटवर्पच्या बंदरातून हा चेहरा पार लिस्बनपर्यंत हिंडून आला. जोसिना मात्र सोळा वर्षांत मासळीबाजाराच्या पलीकडे गेली नव्हती. "ऊन लागलं की रंग जातो गं," गोमार म्हणायचा, आणि वर खिडकीची अर्धी झडप लावून घ्यायचा. चेहरा कागदावरून झाला तरी हात, बाह्या, चुण्या यांसाठी तिला बसावंच लागे.

आता तो कागद म्हातारा झाला होता. काल शनिवारी थोपटता थोपटता त्याचे दोन्ही डोळे फाटून गोमारच्या हातात आले.

"वा! नाक आईचंच!" दारातून गोमार म्हणाला. रविवार होता, खांद्यावर तिरकमठा होता. तिरंदाजांच्या संघाचा नेमबाजीचा दिवस तो कधी चुकवत नसे. "उद्यापासून हिलाच बसवू. नवा चेहरा, नवा कागद."

"उद्या सकाळी होडी आहे," लेक, डिग्ना, म्हणाली. "बार्बेल मावशी लिअरच्या धक्क्यावर येऊन थांबेल. पंधरावं लागलं की शाळेत पाठवीन म्हणाला होतात, बाबा."

"पाठवीन की! एक महिनाभर बस. अंगाला काय भोकं पडणार आहेत का तुझ्या?"

जोसिनाच्या हातातली नाडी सैल पडली. एक महिना. तिलाही त्यानं महिनाच सांगितला होता. खोटं बोलला नव्हता बिचारा. त्याला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. म्हणून तर तिला धड भांडताही आलं नव्हतं.

"कागदच नवा करून दिला तर?" तिनं विचारलं. "जुन्यावरून टोचून?"

"डोळ्यांचा पत्ता नाही, टोचतेस काय? दिवसभर मान मोडून बसायचं काम आहे ते." तो हसला. "बरं, कर. मी येईस्तोवर झाला, तर जाऊ दे पोरीला. आम्हा चित्रकारांच्या संत लूकची शपथ!"

तो गेला तशी तिनं डिग्नाची नाडी सोडली. दोघींनी जुना कागद नव्यावर ठेवला, कडांना शिशाचे तुकडे ठेवले. केसांची रेघ, गाल, हनुवटी, ओठ. जोसिना एकेका भोकातून सुई घालत गेली. दुपारची घंटा झाली तरी कुणी भाकरीचं नाव काढलं नाही. मग डोळ्यांची जागा आली. तिथं नुसतं भगदाड.

तिनं भिंतीवरचा गोल आरसा उतरवला, सवयीनं पापण्या खाली घातल्या, आणि अर्थातच तिला स्वतःचं काही दिसेना. वर बघितलं तर डोळे उघडे. पुन्हा खाली घातल्या. पुन्हा तेच.

डिग्नाला हसू फुटलं. "आई, डोळे मिटून आरसा बघतेस होय?"

जोसिनाही हसली, पण तिचा हात थांबला. खाली बघताना आपण कशा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. अख्ख्या युरोपाला ठाऊक होतं, तिला नव्हतं. आणि सूर्य तर कलायला लागला होता.

तिनं आरशात नीट बघितलं, आणि जे दिसलं ते कागदावर टोचलं.

संध्याकाळी गोमार बियर पिऊन खुशीत परतला. त्यानं कागद उजेडासमोर धरला. ओठ तपासले, केसांची रेघ तपासली. कागदावर नुसती भोकंच भोकं. त्यात डोळ्यांच्या भोकांकडे कोण निरखून बघतो?

"छुपी रुस्तम निघालीस की गं! आता शपथ घेतलीये म्हटल्यावर जाऊ दे कार्टीला."

सोमवारी सकाळी डिग्ना गेली. धक्क्यापर्यंत जायला जोसिनाला परवानगी होती, पण तिथं गेलो तर आपणही होडीत चढू या भीतीनं ती दारातच थांबली. पोर कोपऱ्यावर वळली. मागे वळून बघितलं नाही तिनं, आणि ते बरंच झालं.

मग जोसिना येऊन खुर्चीत बसली. झगा आता पाठीवर मिटत नव्हता. नाडी तशीच लोंबत होती. चित्रात पाठ येत नाही. तिनं पुस्तक मांडीवर उघडलं.

"खाली बघ," सवयीनं गोमार म्हणाला.

"खालीच बघतेय."

पोटली थोपटल्याचा आवाज झाला. मग तो ठिपके जोडू लागला. केस, गाल, ओठ. बराच वेळ ब्रश चालत होता. मग थांबला.

जोसिनानं मान वर केली नाही.

"हे काय गं?" त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "ही तर बघतेय. माझ्याकडेच बघतेय." त्यानं डोळे पुसून काढायला चिंधी उचलून तेलात बुडवली. पण फळीजवळ नेलेला हात तिथंच राहिला. "सोळा वर्षांत तू एकदाही असं बघितलं नाहीस माझ्याकडे."

"कशी बघणार?" जोसिना पुस्तकातच बघत म्हणाली. "तुम्हीच म्हणायचात ना, खाली बघ."

चिंधीतून तेल ठिबकत राहिलं, त्याच्या मनगटावरून, बाहीवर.