हळदीतला गवती चहा

माझ्या लग्नाची हळद सत्यभामाकाकीनं कालवली. हळदीला वासच नाही म्हणून तिनं बचत गटाच्या साबणासाठी आणलेलं गवती चहाचं तेल त्यात अर्धी बाटली ओतलं.

मी ओरडले, "काकी, साबणात थेंबभर टाकते ते! तोंड जळून जाईन माझं!"

"झाडाचंच तर हाय, काय होते?" म्हणत तिनं ती हळद आपल्याच मनगटावर थापली आणि नाचायला गेली.

घटकाभरात मनगट लालभडक झालं. काकीनं गुपचूप ती हळद फेकली, साधी कालवली. काका तिच्या मनगटाला खोबरेल चोळत बसले.

तेवढ्यात बाया आल्या, काकीचा लाल हात पाहून म्हणाल्या, "वा, मेंदी मस्त रंगली!"

"रंगनच ना," काकी ऐटीत म्हणाली, "नवऱ्याचा जीव हाय माझ्यावर!"