सोऱ्याची चकती

प्रतापला चिनी माणसांची भीती नव्हती; भीती होती ती स्वतःच्या नसत्या हौसेची.

जर्मनीत आखन शहराजवळ तो नोकरीला होता ती कंपनी प्लॅस्टिकच्या नळ्यांचे साचे बनवायची. २०१६च्या दिवाळीत एक चिनी कंपनी तिला विकत घ्यायला निघाली होती. तंत्र देशाबाहेर जाईल म्हणून बर्लिनच्या सरकारनं परवानगी अडवली होती, आणि प्रतापच्या साहेबांनाही हा सौदा मनातून नकोच होता. पाहणीला आलेल्या चिनी इंजिनिअरांच्या पिशव्या आता रोज फाटकावर उघडल्या जात.

त्या सकाळी त्यांच्यातल्या लिनबाईंच्या पिशवीत पोलादी चकती सापडली. मधोमध चांदणीसारखं भोक. कारखानाभर बोभाटा झाला, नव्या साच्याचा नमुना चोरला!

नमुना कसला, ती चकलीच्या सोऱ्याची चकती होती. प्रतापनंच जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या यंत्रावर कापलेली. त्याच्या बायकोनं, सरितानं, दिलेल्या चकल्या लिनबाईंना फार आवडल्या. कशा करतात, असं त्यांनी विचारलं, तर या पठ्ठ्यानं सोऱ्याचं मापांसकट चित्र काढलं, सवयीनं कोपऱ्यात सही-तारीख टाकली आणि वर चकतीही दिली. पाहुण्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं!

आता बोलावं तर नोकरी जाणार, मागोमाग व्हिसा. न बोलावं तर ती बाई चोर. तो दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा कॉफी घेऊन परतला. मग त्यानं सरिताला फोन केला.

"अहो, मग सांगा ना जाऊन! चकतीच ती, बॉम्ब आहे का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, तेच करतो," तो म्हणाला आणि आणखी तासभर यंत्रापाशी घुटमळला. त्या तासाची त्याला पुढे कायम लाज वाटली.

शेवटी तो आत शिरला आणि सगळं घडाघडा सांगून मोकळा झाला.

"तिनं कबूल केलंय," साहेब म्हणाले. "भंगाराच्या पेटीतून उचलली म्हणे. कबुलीवर सही केली आणि विमानतळावर गेली. कुणी दिली, असं मी दोनदा विचारलं. तिनं तुझं नाव घेतलं नाही."

त्यांनी खणातून एक कागद काढून पुढे सरकवला. चकतीबरोबर पिशवीतच सापडलेलं सोऱ्याचं चित्र. कोपऱ्यात प्रतापची सही.

"म्हणजे तुम्हाला सकाळपासून…"

"तू मला हवा आहेस. हा सौदा नकोय. कागद घरी ने आणि कामाला लाग."

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोराला पगार चालू. तो यंत्रापाशी पोचतो तोच फोन वाजला.

"सांगितलंत का?" सरितानं विचारलं.

"सांगितलं."

"मग सुटल्या ना हो बाई?"

प्रतापनं फोन बंद केला.