जांभळाखालचा जयराज

आई पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर वीरधवलने पहिलं काम काढलं ते तेराव्याला लावायच्या फोटोचं. मोबाईलचा फोटो मोठा केला की फुटतो, असं फ्रेमवाला म्हणाला होता. म्हणून त्याने धाकट्या भावाचा कॅमेरा ट्रंकेतून बाहेर काढला.

धाकटा जयराज लष्करात होता. दोन वर्षांपूर्वी बर्फात गेला. त्याच्या कॅमेऱ्याला जुन्या काळचं जड भिंग होतं. फोटो स्पष्ट यायला त्याचं कडं हाताने फिरवावं लागे. शेवटच्या रजेत त्याने ते आईला, बनुबाईला, शिकवलं होतं. "आये, माझ्या मिशीचा केस न् केस दिसला की दाब." बांधावरच्या जांभळाखाली हसणारा लेक तिने स्वतःच्या हाताने टिपला होता. तेवढा फोटो कागदावर काढून आण म्हणून तिने थोरल्याच्या किती विनवण्या केल्या, पण त्याला काही सवड झाली नाही.

आज तिला अंगणात, लांबच्या बांधावरच्या जांभळाकडे पाठ करून, खुर्चीवर बसवलं. कॅमेऱ्यातलं कार्ड भरलेलं निघालं. वीरधवलने नवं कार्ड घालून पाहिलं, पण जुन्या कॅमेऱ्याने ते ओळखलंच नाही.

"मग जुनं पुसतो."

"आरं, त्यात जयराज हाय माझा!"

"वर्दीतला हाय की भिंतीवर. मेलेल्यानं किती जागा अडवायची, आये?" बोलता बोलता त्याने बटण दाबलंसुद्धा.

बनुबाई रडली नाही. सून राजेश्वरी तिचा पदर सारखा करत राहिली. वीरधवल कडं फिरवून फिरवून घामाघूम झाला.

"सगळं धुरकट दिसतंय. आये, तुला येतंय न्हवं हे?"

"आण हिकडं."

तिने कडं पार टोकाला नेलं. तिथं नेलं की लांबचं तेवढंच स्वच्छ दिसतं, हेही जयराजनेच सांगितलेलं.

"आता हात लावू नगंस. नुसतं दाब."

ती जराही हलली नाही. फोटो कसा आला ते उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर कुणाला दिसलं नाही.

आठ दिवसांनी फ्रेमवाल्याने मिळालं ते जडवून पाठवलं. तोवर बनुबाईचं उठून बसणंही सरलं होतं. फोटोत बांधावरच्या जांभळाचं पान न् पान मोजून घ्यावं असं आलं होतं. झाडाखाली कुणी नव्हतं. पुढे खुर्चीत नुसता पांढरा डाग.

"अगं बया, आत्यांचं तोंड कुठाय?" राजेश्वरी ओरडली.

"काढा की परत," बनुबाई अंथरुणातून म्हणाली. "पर आधी पुसून घे, वीरधवला. तुजा हात बसलाय."